छापून आलेली पोथी

सभापती देशिकर बैलगाडीतून उतरले तेव्हा अंगात ताप होता आणि ओठांवर देवाचं नाव. ताम्रपर्णीकाठच्या या गावी, अंबलवाण कविरायरांच्या घरी, त्यांना हवी ती पोथी होती, आणि तीही शेवटासकट. ही बातमी कुंभकोणमला एका हरिकथाकारानं दिली होती. कथा संपून आरती फिरत होती, बुवा घाम पुसत सहज म्हणाले, "तुमच्या त्या राणीच्या काव्याचा शेवट ना? अहो, मागं मी त्या घरी जेवलोय. देवघरात पुरी जुडी आहे ताडपत्रांची." देव असाच दुसऱ्याच्या तोंडून बोलतो, असं देशिकरांना वाटलं. प्रसाद घ्यायचंही त्यांना भान राहिलं नाही.

राजा युद्धाला गेलेला, राणी दिवा लावून दारात उभी. तो परत येतो का? तिथंच पत्रं तुटली होती. शेकडो वर्षं हे तमिळ काव्य जवळजवळ विसरलं गेलं होतं. देशिकरांनी तरुणपणापासून घरं, मठ, अडगळी पालथ्या घातल्या, वाळवीनं खाल्लेले तुकडे जुळवले. ज्या शैव मठात ते वाढले, तिथले म्हणाले, "कपाळाला विभूती आणि उराशी जैनांची पोथी! लाज कशी वाटत नाही?" त्यांनी तेही ऐकून घेतलं. पण चेन्नपट्टणचा कुणी पंडित तेच काव्य छापायला घेतोय असं कानावर आलं, आणि एवढ्या वर्षांचा धीर सुटला. शेवटाविना पुस्तक छापलं. वर जुन्या जुन्या विद्वानांच्या घरी प्रती भेट धाडल्या, पुस्तक पाहून तरी लोक आपापल्या पेट्या उघडतील म्हणून.

आज आडी अठरा, नदीच्या पुराची पूजा. घरात चिंचेच्या भाताचा वास घमघमत होता. ओट्यावरचे म्हातारे कविरायर नाव ऐकताच धडपडत उठले.

"देशिकर? आमच्या घरी? सेण्बगम, अगं कोण आलंय बघ!"

सून पदराला हात पुसत आली. "मामा, आधी पाहुण्यांना बसू तरी द्या. उन्हानं लाल झालेत बिचारे."

पण म्हाताऱ्यानं देशिकरांचा हात धरून थेट देवघरात नेलं. पाटावर रेशमी वस्त्र, त्यावर हळदकुंकू लावलेलं पुस्तक. देशिकरांचंच. त्याची जोडपानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती, म्हणजे ते कुणी वाचलंच नव्हतं.

"रोज फूल वाहतो," कविरायर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा साचला होता.

"आणि ऐया, ती ताडपत्रांची जुडी?"

"दिली की!"

"कुणाला?"

"आईला. नदीला. गेल्या आडी अठराला." म्हातारा लहान मुलासारखा हसला. "पत्र जीर्ण झालं की नव्या पत्रावर उतरवून घ्यायचं, मग जुन्याला हळद लावून पुरात सोडायचं, ही आमची रीत. वडिलांच्या हातून उतरवणं राहिलं, मला डोळे नाहीत. ते ओझं उरावर घेऊनच मरणार होतो मी. तेवढ्यात तुमचं पुस्तक आलं! म्हटलं, सरस्वतीनंच उतरवून धाडलं. वाजतगाजत दिली हो, ऐया. सगळं गाव होतं."

देशिकर भिंतीला टेकले. त्यांनी विचारलं, "शेवट... शेवट काय होता?"

"वडील वाचायचे आणि रडायचे. एवढंच आठवतं."

"आनंदानं रडायचे, की..."

"ते मी कधी विचारलं नाही बुवा. तुम्ही छापलंय ना? तुम्हीच सांगा."

दाराशी गलका झाला. शेजारचा इसक्कियप्पन छातीशी फडक्यात बांधलेली जुडी धरून उभा होता, मागं आणखी चारदोन माणसं तशाच जुड्या घेऊन. ताज्या हळदीचा वास आला.

"छापणारे ऐया आले म्हणे! बघा बरं आमची. छापून झाली असेल तर आजच देऊन टाकतो. कविरायरांनीच सांगितलं, घरात वाळवीच्या तोंडी कशाला द्यायची सरस्वतीला."

गप्प राहिलं तर या जुड्या पाण्यात जाणार. बोललं तर हा म्हातारा जिवंतपणी मरणार. देशिकरांनी मनात देवाला हाक मारली. देव काही बोलला नाही.

"थांबा," ते म्हणाले. "माझं पुस्तक अर्धं आहे. शेवट मला मिळालाच नव्हता."

"किती विनय!" कविरायर गहिवरले. "विद्वान असाच असतो."

"विनय नाही, ऐया! पानं कापा. वाचा."

सेण्बगमनं विळी आणून पानं कापली. इसक्कियप्पननं शेवटचं पान उघडून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "यापुढील पत्रे उपलब्ध झाली नाहीत."

नदीकडून ढोल ऐकू येत होते.

"आमच्या घरी होती," कविरायर म्हणाले. मग चाचपडत हात पुढं करून त्यांनी पुस्तक मागून घेतलं, धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरचं हळदकुंकू पुसून काढलं आणि देशिकरांच्या पोटाशी टेकवलं. "तुमचं तुम्ही न्या. आमचं आणून द्या."

"ऐया, छापायची माझी घाई नडली..."

"आणून द्या म्हटलं ना!"

देशिकर दाराकडं वळले, हात जोडले. "निदान तुमच्या जुड्या तरी देऊ नका. मी इथंच बसून उतरवतो, अक्षर न् अक्षर."

इसक्कियप्पननं आपली जुडी आणखी घट्ट धरली. "तुमच्या हाती? तुमचं अर्धं घरात घेतलं आणि म्हाताऱ्याचं पुरं गेलं. त्यापेक्षा नदी बरी. नेते ती निदान पुरती नेते."

आणि ती माणसं घाटाकडं निघाली.

देशिकर मागं धावले, तापलेल्या अंगानं, पुस्तक काखेत. घाटावर बायका गात होत्या. एरवी हे गाणं ऐकलं की देशिकरांचे डोळे भरून यायचे, टाळी आपोआप धरली जायची. एकेक जुडी पाण्यावर टेकली, गोल फिरली, दिव्यांच्या आणि फुलांच्या गर्दीत वाहू लागली. ते गुडघाभर पाण्यात शिरले, तेव्हा कुणीतरी मागून खांदा धरला. "देवीला दिलेलं परत घेता?"

नदीला सगळ्यांनी हात जोडले. देशिकरांनी जोडले नाहीत.