पेंगासुर आता हसवत नाही

मात्राताईला हे नाव प्रकाशन संस्थेत पडलं, ते तिच्या नजरेमुळे. निसटलेला काना, गळून पडलेली मात्रा, चुकून दुसऱ्या अंगाला वळलेली वेलांटी, सगळं तिला पान उलटतानाच टोचायचं. तीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसून मुद्रितं तपासत होती. त्यातली अठ्ठावीस वर्षं तिच्या सख्ख्या भावाचा पेंगासुर त्या टेबलावरून गेला होता. चोवीस भाग, आणि प्रत्येकाचं अक्षर न् अक्षर तिच्या डोळ्यांखालून.

पेंगासुर हा जातीने राक्षस आणि कामाने कारकून. एका जादूच्या राज्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसून तो पेंगायचा. खिडकीसमोर रांग असायची. कुणाचा उडता गालिचा कुठेही सोडला तरी थेट सासुरवाडीलाच जायचा. कुणाच्या घरातलं भूत माणसांना घाबरून माळ्यावरून खाली उतरत नव्हतं. शापाने बेडूक झालेला एक गृहस्थ तर रोज यायचा, ‘मला माणूस करा’ म्हणून भांडायचा. शेवटी केलं माणूस, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत हजर: ‘हे कुणाला विचारून केलंत?’ पेंगासुराच्या शेजारच्या खुर्चीवर टिचकी नावाची चेटकीण बसायची. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ती एकच वाक्य बोलायची आणि वाचणारा पोट धरून आडवा व्हायचा. लोक पुस्तकांसाठी हटून बसायचे, एका घरात दोन-दोन प्रती घ्यायचे, आणि पत्रं लिहायचे. दादा प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचा.

एकोणिसावा भाग निघाला आणि दोन महिन्यांत वहिनी गेली. पाठोपाठ दादाची नजर अधू झाली. जाड पेनाने मोठ्या अक्षरात तो लिहू शकायचा, पण छापलेलं किंवा दुसऱ्याने लिहिलेलं काही वाचता येईना. मग मात्राताई रोज कामावरून सुटली की दोन गल्ल्या ओलांडून त्याच्याकडे जायची, चहा करायची आणि आलेली पत्रं वाचून दाखवायची.

मात्र सगळी नाही. विसाव्या भागापासून पत्रांचा सूर पालटला होता. कौतुकाची पत्रं ती वाचायची आणि उरलेली तिच्या टेबलाच्या खालच्या खणात जायची. एकदा खोटेपणाला सुरुवात केली की मागे फिरायला वाट राहत नाही. पाच वर्षांत तो खण इतका भरला की बंद करताना गुडघा लावावा लागे.

चोविसाव्या भागानंतर ती तापाने चार दिवस घरी होती. संस्थेच्या शिपायाने आपणहून पत्रांचा गठ्ठा थेट दादाच्या घरी पोचवला. पाचव्या दिवशी ती गेली, तेव्हा दादा खिडकीजवळ बसलेला होता. समोर पत्रांचे दोन ढीग होते, एक मोठा, एक अगदीच लहान.

‘‘खालच्या शिंप्याला बोलावलं होतं,’’ दादा म्हणाला. ‘‘त्याने सगळी वाचली. मध्ये मध्ये स्वतःचं मतही देत होता.’’

मात्राताईने विचारलं, ‘‘काय म्हणाला?’’

‘‘म्हणाला, साहेब, कापड आखूड असतं तर काही करता आलं असतं. इथे कापडच संपलंय.’’

दादाने मोठ्या ढिगावर हात ठेवला. ‘‘हे असं कधीपासून?’’

‘‘विसाव्यापासून.’’

‘‘वाच. आता तू वाच. त्याला जोडाक्षरं जमत नव्हती.’’

तिने वाचलं. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, ‘पूर्वी भाग संपू नये असं वाटायचं. आता किती पानं उरली ते बघतो.’ एका कॉलेजातल्या मुलीने लिहिलं होतं, ‘पेंगासुर आता हसवत नाही, हसा म्हणून पाया पडतो.’ कुणी म्हणत होतं, लढाया वाढवा. कुणी म्हणत होतं, टिचकीला काढून टाका, कंटाळा आणते. कुणाला तिच्यासाठी सबंध नवा भाग हवा होता. लहान ढिगात एकाने भरभरून लिहिलं होतं की लोक काही म्हणोत, चोविसावा भाग सगळ्यांत खोल आहे, वाचताना मी तीनदा रडलो.

‘‘रडला?’’ दादा म्हणाला. ‘‘याला बिचाऱ्याला खरं कळलंय, आणि तो ते कौतुक समजतोय.’’

शेवटचं पत्र एका नर्सचं होतं. दुपारच्या पाळीत ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पेंगासुर मोठ्याने वाचून दाखवायची. ‘एकोणिसाव्या भागापर्यंत,’ तिने लिहिलं होतं, ‘हसून टाके ओढले जायचे म्हणून पेशंट मला थांबा, थांबा म्हणायचे. गेल्या पाच भागांत मला कुणी थांबा म्हटलेलं नाही. टिचकी अजून बोलते, पण तो तिचा आवाज नाही. रागावू नका. मी नर्स आहे, सवयीने विचारते. घरी सगळं ठीक आहे ना?’

वाचून झालं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा भोंगा बराच वेळ वाजत राहिला.

‘‘ते मी लिहायचो नाही गं,’’ दादा म्हणाला.

‘‘काय लिहायचा नाहीस?’’

‘‘टिचकीचं. आणि ती रांग, त्या तक्रारी. तुझी वहिनी सांगायची. मी उतरवून घ्यायचो.’’

वहिनी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घ्यायची. सव्वीस वर्षं. मात्राताईला एवढंच ठाऊक होतं. आता दादा सांगू लागला. वहिनी घरी येऊन भाजी चिरता चिरता दिवसभराची रांग सांगायची. एक गृहस्थ पाणी येत नाही म्हणून रोज भांडायचे आणि आलं त्या दिवशी, आज कसं आलं, माझी टाकी धुतलेली नव्हती, म्हणून भांडून गेले. तोच बेडूक झाला. ती सांगताना हसायची नाही. दादा हसून हसून खुर्चीवरून घसरायचा आणि ती म्हणायची, ‘ऊठ, भाजी जळेल.’ ते वाक्यही पुस्तकात होतं, टिचकीच्या तोंडी.

‘‘मी राज्य बांधलं, राजवाडा बांधला, राक्षसाला शिंगं लावली,’’ दादा म्हणाला. ‘‘जीव तिने घातला. ती म्हणायची, माझं नाव नको, कार्यालयातल्या लोकांना कळेल आपल्याबद्दल लिहिलंय. मग तसंच राहून गेलं. मलाही हळूहळू वाटायला लागलं की माझंच आहे.’’

मात्राताईला बसल्या जागी धरणी दुभंगावी असं झालं. दगडाला पाझर फुटेल पण वहिनीला हसू फुटणार नाही, असं तीच सगळ्यांना सांगत आली होती. एकदा तर तिने तोंडावर विचारलं होतं, ‘वहिनी, तुम्ही दादाची पुस्तकं वाचत कशी नाही हो?’ वहिनी शांतपणे म्हणाली होती, ‘मला आधीच माहीत असतं त्यात काय आहे.’ मात्राताईने तो शिष्टपणा समजून मनात ठेवला. वहिनी गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना तिने हळहळत सांगितलं होतं, ‘बिचारीला दादाचा विनोद कधी कळलाच नाही.’ आलेल्यांनीही माना डोलावल्या होत्या. दादा तिथेच बसलेला होता. तोही काही बोलला नव्हता.

‘‘तेव्हा का नाही बोललास?’’

‘‘हिंमत नव्हती,’’ दादा म्हणाला.

त्याने पंचविसावा भाग लिहायचा नाही असं ठरवलं. त्याऐवजी दोन पानांची कबुली लिहिली, जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत. ती पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर छापावी आणि मुखपृष्ठावर आपल्या नावाआधी तिचं नाव घालावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पानं घेऊन मात्राताई प्रकाशकांकडे गेली. जुने प्रकाशक घरी बसले होते आणि मुलगा कारभार पाहत होता. तो वाईट माणूस नव्हता. तिला ताई म्हणायचा, तिच्या खुर्चीसाठी त्याने आपणहून उशी आणून दिली होती.

त्याने कबुली दोनदा वाचली. मग पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली.

‘‘ताई, खरं सांगू? मला भरून आलं. पण हे छापता येणार नाही.’’

‘‘का?’’

‘‘लोक म्हणतील, अठ्ठावीस वर्षं फसवलं. दादांच्याच नावाला काळिमा लागेल. आणि वहिनींचं म्हणाल, तर आता कुणाला कसं पटवणार? कागद आहे का काही?’’

‘‘तिने कागदावर कशाला लिहिलं असतं? ती बोलायची.’’

‘‘तेच ना,’’ तो हळूच म्हणाला. मग पानं तिच्याकडे सरकवत, ‘‘दादांनी विश्रांती घ्यावी. पेंगासुराची काळजी आम्ही घेऊ.’’

काळजी म्हणजे काय, हे तिला तीन महिन्यांनी कळलं. पंचविसाव्या भागाची मुद्रितं तिच्या टेबलावर आली. वर दादाचंच नाव. लिहिणारा कुणीतरी दुसरा होता, कोण ते तिला कुणी सांगितलं नाही. करारात पेंगासुर संस्थेच्या नावावर होता आणि दादाने कुठल्याशा वर्षी न वाचता तिथे सही केली होती. ती पानं घेऊन ती प्रकाशकाच्या दाराशी गेली. ‘‘मी हे तपासणार नाही,’’ म्हणाली.

‘‘नका तपासू,’’ तो म्हणाला. ‘‘दुसऱ्याकडे देतो. चुका राहतील थोड्या.’’

ती दारात उभी राहिली. चुका राहतील. दादाच्या नावाखाली, टिचकीच्या तोंडी, चुका राहतील. ती मुकाट्याने टेबलाशी परत आली आणि लाल पेनाचं टोपण काढलं. याबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. त्याहून वाईट म्हणजे नवव्या प्रकरणात पेंगासुर आपल्याच घोरण्याची तक्रार नोंदवतो, तिथे तिला हसू आलं. चांगलं खळखळून. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं, आणि ती पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग करत बाहेर निघून गेली.

पुस्तक निघालं. पत्रांचा पूर आला. या वेळी तिने एकही पत्र खणात टाकलं नाही. सगळी पिशवीत भरून दादाकडे नेली आणि ओळीने वाचली. निम्मे लोक खूश होते. ‘लेखकाला पुन्हा सूर सापडला.’ ‘पाच भाग कुठे हरवला होतात?’ तेच निवृत्त मास्तर लिहीत होते, ‘माझं मागचं पत्र मनाला लावून घेतलंत असं दिसतं. ऋणी आहे.’ उरलेले नाराज होते. त्यांना चोविसाव्या भागातला उदास पेंगासुर परत हवा होता. एकाने लिहिलं होतं, ‘हा तुमचा हात नाही.’ त्या पत्रावर दादाची मान जरा वर आली. पण पुढच्याच ओळीत होतं, ‘तुमचा हात म्हणजे बाविसावा भाग.’ बाविसावा भाग दादाने एकट्याने, वहिनी नसताना, रडत-कुढत लिहिला होता आणि स्वतःच टाकाऊ मानला होता. त्याची मान पुन्हा खाली गेली.

दादाने नर्सला मात्र सगळं खरं कळवलं होतं. तिचं उत्तर गठ्ठ्यात सर्वांत खाली होतं.

‘तुमच्या पत्नीबद्दल वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही,’ तिने लिहिलं होतं. ‘नवा भाग वाचायचा नाही असं ठरवलं होतं. पण वॉर्डातल्या लोकांनी हट्ट धरला. तुमच्यापासून लपवत नाही. ते हसले. एक आजोबा थांबा म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण मी वाचत राहिले.’

‘‘हसले ना,’’ दादा म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मग त्यांना काय फरक पडतो.’’ तो रागाने बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हवेचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

त्यानंतर त्याने उत्तरं लिहिणं सोडलं. पत्रं ऐकायचा, ‘हं’ म्हणायचा. मात्राताई येत राहिली. कधी वहिनीची एखादी गोष्ट विचारायची, रांगेतली. सुरुवातीला तो सांगायचा. मग सांगता सांगता अडायला लागला. बेडकाची गोष्ट कार्यालयात खरी कशी घडली होती आणि पुस्तकात कशी होती, याची त्याच्या डोक्यात सरमिसळ झाली होती. ‘‘ती काय म्हणाली होती गं तेव्हा?’’ तो तिलाच विचारायचा. तिला कसं ठाऊक असणार? ती तिथे नव्हती. असती तरी तिने ऐकलं नसतं.

एका दुपारी एक छोटं पत्र आलं. नऊ वर्षांच्या मुलीचं, रुंद ओळींच्या वहीतल्या कागदावर. ‘मला टिचकी सगळ्यांत आवडते. माझी आई म्हणते मी तशीच तोंड करून बसते. पुढच्या भागात टिचकीचं काय होणार? मला गुपचूप कळवा. मी कुणाला सांगणार नाही.’

दादाने विचारलं, ‘‘सव्विसावा आलाय तुझ्याकडे?’’

‘‘गेल्या आठवड्यात.’’

‘‘काय होतं टिचकीचं?’’

मात्राताईने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. पाच वर्षं तिने याच खुर्चीवर बसून बेमालूम खोटं वाचलं होतं. आताही एखादं वाक्य जुळवणं अवघड नव्हतं.

‘‘काढलंय तिला,’’ ती म्हणाली. ‘‘बदली होते. दुसऱ्या राज्यात.’’

‘‘कुठे?’’

‘‘ते लिहिलेलं नाही. चाळिसाव्या पानावर आहे. तीन ओळी.’’

‘‘जाताना काही बोलते?’’

‘‘नाही.’’

दादाने मान हलवली. जाड पेन चाचपून हातात घेतलं, मुलीच्या नावाने मायना लिहिला, आणि थांबला. मात्राताई समोर बसून होती. त्याला सुचवण्यासारखं एखादं वाक्य ती शोधत होती, टिचकीने बोललं असतं असं. तिला एकही सुचलं नाही.