समासातला आकडा

साल दोन हजार. किट्वे शहरातली तांब्याची खाण विकली जाऊन पाच महिने झाले होते. चिसोकोने नावाच्या बाजारात, जुनं सामान विकणाऱ्या सिकाझ्वेच्या पत्र्याखाली मी उलट्या क्रेटवर वही घेऊन बसले होते आणि माझे यजमान वीज मोजायच्या एका जुन्या मीटरला नाक लावून हुंगत होते.

"जळका वास नाही," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं.

हातात मावणारा मीटर नव्हे. टेबलावर ठेवायचा, मोठ्या पावाच्या डब्याएवढा. खाणीच्या उपकरण विभागात असे चार होते आणि सत्तावीस वर्षं यजमान बाकी सगळे मीटर त्यांच्यावर ताडून बघत. तिथे एक रीत होती. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तो पुन्हा उच्चारून लिहायचा. लिहिणाऱ्यानं मीटरकडे बघायचं नाही. एकट्यानं केलेल्या तपासणीवर हे कधी सही करत नसत. त्यांचा लिहिणारा सिचोने नोकरी सुटल्यावर गावी निघून गेला होता, म्हणून त्या दिवशी मी.

नोकरी गेली त्या बदल्यात राहतं घर आमच्या नावावर झालं होतं. पण सगळी गल्लीच नोकरी गेलेल्यांची. विकायचं तर घेणार कोण, आणि सोडायचं तर जायचं कुठे? पाच महिने हे गजांच्या खिडकीशी बसून होते. पाळीचा भोंगा झाला की उठत, दारापर्यंत जात, परत येऊन बसत. मी चुलीपाशी पावलं ऐके. अकरा जाताना, अकरा येताना. त्यांना एकटं सोडायची भीती वाटे, म्हणून मीही कुठे जात नसे. मग एका सकाळी म्हणाले, मागच्या धुण्याच्या खोलीत प्रयोगशाळा करू. रेडिओ, बॅटऱ्यांचे चार्जर, शाळेतली यंत्रं, लोक आणतील. फक्त एक भरवशाचा मीटर हवा. बाजारात जाताना त्यांनी खाणीचा निळा डगला घातला, वर टाय बांधला.

त्यांनी तारा खोवायची भोकं बोटानं हलवून पाहिली. मागची कळ आपल्याकडच्या विजेच्या दाबावर आहे ना, तेही चाचपलं. सिकाझ्वे कंटाळला.

"चोलाचे बाबा, शेळी घेतानासुद्धा कुणी एवढं उलटंपालटं करत नाही. पेटतोय ना? मग झालं."

"पेटतं तर लाकूडही," हे म्हणाले.

मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात कापसात जपलेला, विजेला बरोबर एक हजार ओहमचा अडथळा करणारा रोधक होता. सिचोनेनं निरोपाच्या दिवशी दिलेला. त्याच्या दोन्ही टोकांना तारा लावून हे वाकले आणि हजाराच्या मापात वाचलं, "एक पूर्णांक शून्य शून्य शून्य."

मी रीत मोडली. मान वर करून पाहिलं. हिरवे आकडे ठळक होते. एक पूर्णांक शून्य एक चार.

एवढ्या फरकाचा मीटर त्यांनी जन्मात पास केला नसता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आकड्यांकडे बघतच नव्हते; आकड्यांच्या जरा डावीकडे बघत होते. गेले कित्येक महिने चहाचा कप ते चाचपून उचलत होते, ते मला तिथे उमगलं.

सिकाझ्वेनंही आकडा पाहिला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग वर पत्र्याकडे.

"चोलाची आई, उच्चारलं नाहीस," यजमान म्हणाले.

मी खरं बोलले असते तर मीटरही गेला असता आणि डोळेही. उरली असती खिडकी.

"एक पूर्णांक शून्य शून्य शून्य," मी म्हटलं आणि लिहिलं. मग समासात, बारीक अक्षरात, खरा आकडा. का, ते सांगता येणार नाही. नुसतं खोटं लिहून वही मिटवेना.

सिकाझ्वेनं न मागता नव्या तारांची जोडी पिशवीत टाकली.

धुण्याच्या खोलीला एकच दार, खिडकी नाही. दुपारी पत्रा तापे. रोज तिथे हे मनातले आकडे वाचत, मी उच्चारून लिहीत असे आणि समासात खरे टिपत असे. चोलाला कळवावं असं कितीदा वाटलं. पण वडिलांचे डोळे गेले हे पत्रात कसं लिहायचं? पाचव्या आठवड्यात दवाखान्यातून एक भाग आला. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या पेटीची ऊब राखणारा. हे वाकले, वाचलं. माझा हात वहीवर थांबला.

"लिही."

"नाही लिहवत."

त्यांनी तारा काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "माझा आकडा चार अंकी असतो. तुझी पेन्सिल आठ अंकांएवढी चालते. बाजारातल्या त्या दिवसापासून."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू वही मिटली असतीस. मग पुन्हा आपली खिडकीच." त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "समासातले वाच."

मी सगळी पानं वाचली. ते बोटांवर हिशेब करत होते. मीटर लहरी नव्हता. सगळीकडे सारखाच पुढे होता. त्यांनी झाकण उघडलं, आतला बारीक स्क्रू नखानं शोधला, काडेपेटीतला रोधक लावला आणि स्क्रू फिरवायला घेतला.

"आता तू वाच."

"शून्य एक चार. शून्य एक शून्य. शून्य शून्य सहा. हळू. शून्य शून्य शून्य."

"शून्य शून्य शून्य," त्यांनी उच्चारलं. माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि लिहिलं. अक्षर ओळ सोडून वर चढलं.

तो भाग आम्ही पुन्हा पहिल्यापासून तपासला.

सिकाझ्वे पुढे सोल्वेझीला गेला; नव्या खाणी निघाल्या तिकडे त्याचं मोबाइलचं दुकान आहे. सिचोनेचं पत्र कधी आलं नाही, दोन वर्षांनी तो गेल्याचा निरोप आला. लेक चोला राजधानीत, लुसाकाला असते. ये म्हणते; मी जात नाही. यजमान दोन हजार नऊमध्ये गेले. शेवटची सहा वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

मीटर धुण्याच्या खोलीत आहे, वर कापड टाकून. दर वर्षी तपासून आम्ही त्याच्या अंगावर चिठ्ठी लावत असू. वाचणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं, लिहिणाऱ्याच्या जागी त्यांची, वर चढलेली. शेवटची चिठ्ठी दोन हजार नऊची. त्यानंतरची मी लावलेली नाही. एकट्याच्या तपासणीवर सही करायची नसते.