माझ्यातला लाल बावटा

मी गेम बोलतोय. गोळ्या झाडायचा गेम. घाबरू नका, माझ्यात सगळंच चौकोनी आहे. माणसं चौकोनी, बंदुका चौकोनी, रक्तपण चौकोनी. तसा मी नवाच, पण मुद्दाम जुना दिसतो. पोरं नवी जीन्स फाडून घालतात ना, तसंच.

माझ्यातलं शहर परदेशातलं, कम्युनिस्ट राजवटीतलं. एकदम उदास. राखाडी बिल्डिंगी, पावासाठी रांगा, कधी न थांबणारी गिरणी आणि जिकडेतिकडे लाल झेंडे. झेंड्याखाली शिपाई. कामगार थांबला की शिपाई गोळी घालतो. मग खेळणाऱ्यानं बंदूक उचलायची आणि शिपायांना उडवायचं. मारा, मरा, परत सुरू करा. झालं माझं आयुष्य.

पेनड्राइव्हमध्ये बसून मी नारपोलीला नेत्राच्या घरी आलो. तिच्या पप्पांनी वडप्याच्या गोदामातून भंगारातला कॉम्प्युटर आणलेला. भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम, दिवसभर खटाखट खटाखट. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

नेत्रा म्हणजे शेंडी लावण्यात एक नंबर. घरात तिचा आजा, दामू. जन्मभर लूम चालवून कान गेलेले, म्हणून बोलतो ते ओरडूनच. जन्मभर लाल बावट्याच्या युनियनमध्ये, प्रत्येक संपात पुढं, खिशाला अजून बिल्ला. एकदा त्यानं लांबून माझा झेंडा बघितला.

"ए पोरी, आपला बावटा इथं कसा?"

"आजा, तुमच्या संपावर गेम काढलाय."

झालं. रविवारी म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. शेलार गावावरून जुन्या दोस्ताला, राघोला, बोलावून घेतलं. खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. मला असा मान कुणीच दिला नव्हता.

"बस राघ्या. आपल्यावर गेम काढलाय."

"तुझ्यावर? तुझं तर रेशनकार्डपण कुणी काढीत नव्हता."

नेत्राचं तोंड उतरलं. आता राघोसमोर आज्याला खोटं पाडायचं कसं? तिनं मला सुरू केलं आणि भिंतीकडे तोंड करून चालत राहिली.

"भिंतच बघायची हाय का?" राघो म्हणाला.

तिला वळावंच लागलं. समोर गिरणी, वर लाल झेंडा. एक कामगार खोकायला थांबला. झेंड्याखालच्या शिपायानं त्याला गोळी घातली.

दामूआज्यानं चहा खाली ठेवला.

"आपल्या बावट्याखाली?"

हळू बोलला. म्हातारा हळू बोलू शकतो, हेच मला माहीत नव्हतं.

"आजा, हा बाहेरच्या देशातला आहे. मी मस्करी केली."

राघो हसला नाही. "तिकडं असं झालेलं, दाम्या. तेव्हापण लोक सांगत होते. तू म्हणायचास, मालकांनी अफवा उठवलीय."

मी सुन्न. तो कामगार माझ्यात किती वेळा मेलाय. पोरं वेफर्स खात बघतात. चहा कुणीच खाली ठेवला नव्हता.

नेत्रानं बंदूक उचलली. "उडवू शिपायाला?"

"नको," आजा म्हणाला. "मेन कुठं हाय?"

"काय?"

"मेन स्विच गं. संपात पहिला मेन पाडतात."

गिरणीच्या कोपऱ्यात एक खटका आहे. बनवणाऱ्यानं लावला आणि विसरला. मीपण विसरलेलो. सगळे बंदुकीकडेच धावतात ना. नेत्रानं खटका पाडला.

अंधार. मशिनं थांबली. शिपायांना कुणी दिसेना. फाटकाचं कुलूप विजेवरचं, ते आपोआप सुटलं आणि माझे चौकोनी कामगार एकामागे एक चालत बाहेर पडले. मी बघतच राहिलो. हे माझ्याच पोटात होतं? शेवटी माझ्या स्क्रीनवर आलं: मारलेले, शून्य.

"झेंड्यावर मारू एक गोळी?" नेत्रानं विचारलं.

"न्हाय. त्याचा काय गुन्हा?"

आज्यानं खिशावरचा बिल्ला काढला. बराच वेळ हातात धरला, रुमालानं पुसला आणि परत लावला.

आता नेत्रा मला सुरू करते आणि थेट खटक्याकडे जाते. माझे शिपाई फुकटचा पगार खातायत, बंदुका धूळ खातायत.

तुमच्याकडे आलो तर खुशाल उडवा शिपायांना, त्यासाठीच मला बनवलंय. फक्त तो खोकणारा कामगार पडला ना, की हातातला चहा जरा खाली ठेवा.