भिंतीवर टांगलेली बी.एस्सी.

मी एक जुनी पदवी आहे. बी.एस्सी., रसायनशास्त्र. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली कुलगुरूंची सही. मित्रांनो, छापून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. समारंभात भाड्याचा काळा झगा घातलेल्या वैजयंतीने मला दोन्ही हातांनी घेतले आणि मला वाटले, आता आपले भाग्य उजळले.

सुरुवात चांगली झाली. माझ्या जोरावर वैजयंतीला मोहोळकडच्या एका साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत, उसाचा रस तपासायची नोकरी लागली. लग्नानंतरही ती सोलापुरातून रोज एस.टी.ने जायची. मग ऋतुजा झाली. कारखान्याचे साहेब रजा वाढवून द्यायला तयार होते, पण पोरीला मीच वाढवणार, असे वैजयंतीने सांगून टाकले. नोकरी सुटली आणि मी ट्रंकेत गेले, पैठणीखाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी.

तिथे माझी वर्षे गेली. एका कोपऱ्याला कसर लागली. बाहेरचे सगळे मात्र ऐकू यायचे. तुम्ही काय करता, असे कुणी विचारले की वैजयंती म्हणायची, काही नाही, घरीच असते. मला फार वाईट वाटायचे. लिंबू आणि खायचा सोडा घेऊन ती ओट्यापाशी ऋतुजाला विज्ञान शिकवायची, सासूबाईंच्या रक्ताच्या रिपोर्टचा अर्थ लावायची. ते काम माझ्या खाती कुणी धरत नव्हते.

ऋतुजा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि मैंदर्गीहून सयाजीचे स्थळ चालून आले. पाहुणे यायचे ठरले तसे तिच्या आजीला, बजाबाईंना, माझी आठवण झाली. घर शिकलेले आहे हे पाहुण्यांना दिसले पाहिजे, असा त्यांचा हिशेब. वैजयंतीचे यजमान उदयसिंह मला घाईने फ्रेम करून घेऊन आले आणि सोफ्याच्या बरोबर वर टांगले. मी हरखून गेले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, त्यातली गत.

पोहे झाले. सयाजी शांत मुलगा होता आणि तो ऋतुजाला आवडला होता, हे मला वरून स्पष्ट दिसत होते. त्याचे मामा शहाजी हे बोलणी करणारे. त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळले.

"आता तुमच्याच घरात बघा की," ते म्हणाले. "वहिनींची एवढी डिग्री भिंतीवर हाय, आन् वहिनी सैपाकघरात. तुमची पोरगी बी घरीच ऱ्हाणार. मग शेवटचं वरीस कशापायी? दिवाळी झाली की बार उडवून टाकू."

बजाबाईंचा चेहरा पडला. दाखवायला काढलेली वस्तूच अंगाशी आली होती. उदयसिंह कपबशीत बघत राहिले. मला तर भिंतीवरून उतरावेसे वाटले.

चहाचा ट्रे घेऊन आलेली वैजयंती तशीच उभी राहून बोलली. "घरी बसले ते मी ठरवलं म्हणून. कारखाना मला सोडत नव्हता, मीच नको म्हटलं. हा कागद नसता तर मला कोण विचारणार होतं? ऋतुजाला घरी ऱ्हायचं असलं तर खुशाल राहू दे. पण परीक्षा देऊन, तिचं तिनं ठरवून."

कळवतो म्हणून पाहुणे गेले. निरोप आला तो असा, की दिवाळीनंतर लग्न, नाहीतर नाही. वैजयंतीने ऋतुजाला विचारले. ऋतुजा रडली आणि नाही म्हणाली. चांगले स्थळ हातचे गेले म्हणून उदयसिंह पुष्कळ दिवस घरात घुम्यासारखे वावरत होते. मला भिंतीवरून काढायचे मात्र कुणाच्या मनात आले नाही.

परीक्षेच्या सकाळी बजाबाईंनी नातीच्या हातावर दही-साखर ठेवली. ती गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. ह्यात काय लिवलंय ते वाचून दाव, असे त्यांनी सुनेला सांगितले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारले नव्हते. वैजयंतीने बोट ठेवून सगळे वाचले, अगदी सहीपर्यंत.

बजाबाईंनी पदराने माझी काच पुसली. मग म्हणाल्या, "मी बी जलमभर घरातच ऱ्हायले की. पर मला कुणी इचारलं न्हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या ट्रंकेत माझी बहीण असेल. तिला उन्हात ठेवू नका, कसरीपासून जपा. आणि हिचा उपयोग काय झाला असे म्हणण्याआधी, ती जिची आहे तिला एवढेच विचारा, की आई, तू घरी राहिलीस ते कुणी ठरवलं?