कृष्णाबाईचा आकडा

कृष्णाबाईच्या डोळ्याचा आकडा वेसाव्याच्या अख्ख्या बाजाराला पाठ होता, आणि हा सगळा प्रताप गंधालीचा. अंधेरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याची जाडी मशीनवर मोजायचं काम तिच्याकडे होतं. मोजायचं, आकडा डॉक्टरांकडे पाठवायचा आणि गप्प बसायचं, असा तिथला रिवाज. पण डोळ्यात सुई घ्यायला धीराने येणाऱ्या माणसाला दोन शब्द तरी गोड ऐकवावेत म्हणून गंधाली आकडा मोठ्याने सांगायची, शाळेत मार्क सांगतात तसा. फक्त इथे मार्क उतरले की शाबासकी मिळायची.

कृष्णाबाईला हे भारी आवडलं. साखरेने तिचा उजवा डोळा केव्हाच गिळला होता. उरला डावा, आणि त्याच्याही पडद्याला सूज आली होती. ती उतरावी म्हणून दर महिन्याला सुई. चारशे वीसचा आकडा उतरत उतरत तीनशे दहावर आला, आणि प्रत्येक वेळी पापलेटांच्या टोपलीमागून ती शेजारच्या द्रौपदीला तो ऐकवायची. द्रौपदीला त्यातलं काही कळत नसे, पण जळायला तेवढं पुरे होतं.

मग दवाखान्यात नवं मशीन आलं. डॉ. मुकुलनी पेढे वाटले आणि आल्यागेल्याला छाती फुगवून सांगितलं, "जुन्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे." कृष्णाबाईने त्या अचूक मशीनवर हनुवटी टेकवली. आकडा आला तीनशे पासष्ट. सवयीप्रमाणे तो गंधालीच्या तोंडून निघून गेला.

"म्हंजे वाढला?" कृष्णाबाईने विचारलं.

"तसं नाही मावशी. मशीन वेगळं आहे ना, म्हणून..."

"तुजा डाक्टर बोलला, ही मशीनच खरी. म्हंजे सुया घेऊन सूज वाढली, आनि तू मना खोटं आकडं सांगत व्हतीस." तिने पदर खोचला. "आता सुई बंद. डोला माजा हाय."

आणि ती चालू पडली. सुई बंद म्हणजे हा डोळाही जाणार, आणि मग कृष्णाबाईला टोपलीतलं पापलेट हाताने चाचपूनच ओळखावं लागणार. गंधाली धावत डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली आणि तिने घडलेलं सांगितलं.

"दोन्ही मशीन वेगवेगळ्या थरांपर्यंत मोजतात, आकडे जुळणारच नाहीत. मला माहीत आहे गं," डॉक्टर म्हणाले. "पण एकेकाला शिकवत कुठे बसू? तू आकडे सांगतेसच कशाला? आता तूच समजाव तिला."

"नुसतं सांगून ती ऐकणार नाही सर. जुनं मशीन अजून मागच्या खोलीत आहे. तिला दोन्हीवर मोजून दाखवते."

"ते विकलंय. आत्ता टेम्पो येईल न्यायला. हात लावायचा नाही."

गंधाली तशी नोकरी सांभाळून असणारी मुलगी. पण पेढे वाटून घोळ घालायचा यांनी, निस्तरायचा आपण, आणि वर बोलणीही आपणच खायची, हे तिच्या डोक्यात गेलं. तिने कृष्णाबाईला जिन्यात गाठलं, हाताला धरून मागच्या खोलीत आणलं, मशीनवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि प्लग लावला. आकडा आला दोनशे पंच्याण्णव.

"उतरलाय मावशी. मागच्या वेळेपेक्षाही उतरलाय."

"एकाच डोल्याचे दोन आकडं? मंग एक तरी खोटा."

"दोन्ही खरे. जुनं वरच्या थरापाशीच थांबतं, नवं आणखी खालच्या थरापर्यंत जातं. म्हणून नव्यावर सगळ्यांचाच आकडा मोठा येतो."

"सगल्यांचा? दाखव मना."

तेवढ्यात दारात डॉक्टर उभे राहिले. त्यांच्यामागे टेम्पोवाला, आणि त्याच्यामागे काय चाललंय ते बघायला उठून आलेले पेशंट. "गंधाली, बाजूला हो," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

गंधाली हलली नाही. "होते सर. आधी तुम्ही हनुवटी टेकवा."

एवढ्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार? डॉक्टर बसले. दोनशे पाच. मग सगळी वरात पुढच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांनी नव्या मशीनवर हनुवटी टेकवली. दोनशे पंचाहत्तर.

कृष्णाबाईने बोटांवर हिशेब केला. "डाक्टर, तुजा पन सत्तरनं वाढला. मंग आज पयली सुई तुजे डोल्यात."

पेशंट हसले. शेवटी डॉक्टरही हसले, जरा उशिरा. कृष्णाबाई मात्र हसली नाही. "म्हंजे जुनी मशीन पापलेटाची मुंडकी छाटून वजन करते, ही मुंडक्यासकट. मंग तसं सांगावं. पेढं कशाला वाटतस?"

मग ती मागच्या खोलीत परतली आणि जुन्या मशीनसमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसली. बाहेरच्या प्रत्येकाचा डोळा दोन्हीवर मोजून झाल्याशिवाय हे मशीन हलणार नाही, असं तिने टेम्पोवाल्याला बजावलं. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी गंधालीकडे पाहिलं.

"घे सगळ्यांचे," ते म्हणाले. "आणि आकडे मोठ्याने सांग."

शेवटच्या माणसाचं मोजून झालं तेव्हा कुठे कृष्णाबाई उठली आणि सुई घ्यायला आत गेली. बाहेर आली ती डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. उजव्याने दिसत नव्हतंच, आता डाव्याचाही काळोख. घरचं माणूस खाली रिक्षा घेऊन थांबलं होतं. गंधाली तिला धरून एकेक पायरी उतरवत होती, आणि कृष्णाबाईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. हा काळोख कायमचा झाला असता, हे दोघींनाही कळत होतं.

मधल्या वळणावर कृष्णाबाई थांबली. कमरेचा फोन काढून तिने गंधालीच्या हातात दिला. "द्रौपदीला लाव."

गंधालीने नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला. कृष्णाबाईने पट्टी बांधलेला चेहरा वर केला आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुंडकं छाटून दोनशे पंच्याण्णव. सांग सगल्यांना."