वारा सरेपर्यंत

हे मी लिवणारच नोतो. दोनदा मशीनवर कागद चढवला अन् दोनदा काढून घेतला. एक तं हे सगळं पोटाचं अन् संडासाचं. दुसरं, याच्यात मी एक खोटं बोललो, अन् ते खोटं असं हाये का ऐकून लोकं हासतीन. पण सोमवार जवळ येऊन राह्यला अन् डोकं दुसरीकडे लागत नाई. म्हणून बसलो.

टायपिंगची मशीन बंडूजीची हाये. हिंगणघाटले कचेरीसमोर त्याच्या छपरीत बसून मी लोकाइचे अर्ज मारतो. कोनी शिकवलं नाई, त्याची बोटं पाहून पाहून शिकलो. दवाखान्यातून आलो तं त्यानं मशीन एसटीत टाकून वडनेरले घरी आणून देली. म्हणे, पडल्या पडल्या हात बसून जातीन तुहे. अर्धा घंटा बसलो का टाक्याची जागा ओढते. मंग आडवा होतो.

तीन वर्षं झाली पोटाले. सन ऐंशीपासून. दिवसातून आठ-दहा खेपा, उजव्या बाजूनं पिळ, संध्याकायी बारीक ताप. वजन उतरून अडतीस किलो. हिंगणघाटच्या डॉक्टरनं आतड्याचा टीबी सांगतला. दीड वर्षं सुया घेतल्या, कुल्ले दगडासारखे झाले. मायनं माही थाली अन् गिलास अलग केला. गिलासाच्या बुडाले पांढरा दोरा बांधला. वडनेर ते हिंगणघाट, हिंगणघाट ते वर्धा, रस्त्यानं कुठं झुडपाची आड हाये हे मले ड्रायव्हरपेक्षा जास्त पाठ होतं. लग्नाले जाणं बंद. मंडईले जाणं बंद. आपलं घर, कचेरी, अन् दोन्हीकडचा संडास.

यंदा होळीच्या मागं पोट फुगलं अन् उलटी थांबेना. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चुन्यासारखं पाणी पाजून फोटो काढले. डॉक्टरनं फोटो उजेडापुढं धरला अन् बोट ठेवून सांगतलं का आतडं एका जागी सुतासारखं बारीक झालं, तेवढा तुकडा कापून काढावा लागते. वरून म्हणे, जमलं तर दोन टोकं जोडून देऊ. नाही जमलं, तर काही महिने आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवू.

मी विचारलं, मंग संडास?

"तिथूनच. पिशवीत."

मायनं पदर तोंडाले लावला.

थांबतो जराक.

आता पुनाजीचं सांगतो. माह्या बाजूची खाट त्याची. कारंज्याकडच्या जंगलातला गोंड माणूस, तिशीतला, लाकूडतोडीच्या कामावर जाणारा. त्याले बी माह्यासारखंच, पोट फुगून आणेल. सलाईनवर पोट उतरलं होतं, पण डॉक्टर म्हणत कापावं लागीन अन् तो म्हणे नाई. त्याची बायको रामबाई दोन खाटांच्या मधात खाली बसेल राहे. दोघं आपल्या भाषेत बोलत, अन् भांडण झालं का मराठीत येत, म्हणजे मले न्याय करता यावा.

"नवा पूल हाये चंद्रभान," तो मले म्हणे. "पह्यले तुही गाडी जाऊ दे. पडला नाई तं मी येतो."

ऑपरेशनच्या आधी चार दिवस पोट रिकामं कराचं काम. तुरीच्या डायीचं पाणी, बिनदुधाचा चहा. मंग एरंडेल. मंग सकाय-संध्याकाय साबणाच्या पाण्याचा एनिमा. तीन वर्षं ज्या गोष्टीले भिऊन घराबाहेर पडलो नाई, त्याच गोष्टीसाठी आता हे लोकं औषध देत होते. शेवटच्या दिवशी न्हावी आला अन् छातीपासून मांडीलोक साफ करून गेला. मंग सहीचा कागद आला. सगळा इंग्रजी. लोकाइचे अर्ज मारून त्याईचे अंगठे घेणारा मी. कुठं सही कराची तेवढंच विचारलं अन् केली.

शुद्धीवर आलो तवा नाकात नळी, खाली लघवीची नळी, हाताले सलाईन. पह्यला हात पोटावर गेला. पट्टी सपाट होती. पिशवी नोती. जोडलं होतं.

एवढाच आनंद. मंग तहान सुरू झाली.

ऑपरेशन झालं का आतडं झोपते म्हणे. ते जागं झालं हे कशावरून समजते, तं खालून वारा सरला का. तोपर्यंत पाण्याचा थेंब नाई. माय कापसाचा बोया ओला करून ओठाले लावे, बस. केरळची एक सिस्टर होती, ते सकाय-संध्याकाय खाटेखाटेवर विचारे, "हवा निकला?" माय विचारे, वारा सरला का बाप्पा. पुनाजी सरळ विचारे, पादला काय बे. चाळीस खाटांचा वार्ड माह्या एका वाऱ्याची वाट पाहून राह्यला होता अन् माह्यं पोट मुकं. डॉक्टर पोटावर नळी ठेवून ऐके अन् म्हणे, अजून झोपलंय.

दारापाशी मटका होता. लाल, त्याच्यावर झाकणी, झाकणीवर जर्मनचा गिलास. लोकं येत, गिलास बुडवत, उभ्या उभ्या घटाघटा पेत अन् तोंड पुसून जात. मले कूस बदलता येत नोती, म्हणून दिवसभर समोर तेच. डोये मिटले का गिलास बुडाल्याचा आवाज ये. उठून जाता येत नाई, ओरडता येत नाई, नाकातली नळी घशात टोचे. चार दिवस.

चौथ्या दिवशी सकायी सिस्टरनं विचारलं अन् मी म्हणलं, निकला.

"कितना बार?"

"दो बार."

एक म्हणलं असतं तं तिले शक आला असता, असं मले वाटलं. तिनं डॉक्टरले सांगतलं. नाकातली नळी निघाली. घंट्याले दोन चमचे पाणी, असं ठरलं. सिस्टर फिरली का मी मायले गिलास मागतला. मायनं देला. दहा वाजता अजून एक. मंग तिनं खालून चहा आणला, तो बी. तिनं साऱ्या वार्डाले सांगतलं का माह्या पोराचा वारा सरला. रामबाईच्या हातावर साखर ठेवली. पुनाजीनं साखर खाल्ली नाई. माह्याकडं पाहत राह्यला. मी भिंतीकडं तोंड केलं.

दोन वाजेलोक पोट नगाऱ्यासारखं झालं. मंग हिरवी उलटी, पट्टीवर, मायच्या लुगड्यावर. नाकात परत नळी.

दुसऱ्या दिवशी सकायी मोठे डॉक्टर आले, मांगं चार-पाच शिकाऊ पोरं-पोरी. इंग्रजीत बोलले. मंग मायले मराठीत सांगतलं. हवा सरली होती अन् मग पोट बंद पडलं, म्हणजे जोड उसवला असीन नाहीतर आत काई अडकलं असीन. थांबणं बरोबर नाही. आज दुपारीच पुन्हा उघडतो. या वेळी मात्र तोंड पोटावर काढावं लागेल.

मले समजलं. पूर्ण समजलं. वारा सरलाच नोता, तं बंद पडणार काय? आतडं झोपेलच होतं. मी जे बोललो त्याच्यावर हिशोब लावून हे लोकं मले परत कापाले निंगाले होते. अन् तोंड उघडावं तं माय उशाशी. रात न् दिवस खाली फरशीवर झोपेल माय, साखर वाटेल माय. वार्ड ऐकून राह्यला. सिस्टरनं कागद पुढं केला अन् मी पेन हातात घेतला. खरं सांगतो, मी सही करणार होतो. पोट फाडून घेणं सोपं वाटलं.

"चंद्रभान," पुनाजी म्हणला. "सांगत काऊन नाई?"

माय म्हणे, "काय सांगाचं?"

तो उठून बसला. डॉक्टरकडं नाई, माह्याकडंच पाहून बोलला. "तू सांगतं का मी सांगू? माही खाट हातभरावर हाये. काई निंगालं असतं तं पह्यले मले समजलं असतं."

मांगची एक पोरगी हासली अन् गप झाली.

मी म्हणलं, "साहेब, वारा सरलाच नोता."

डॉक्टर म्हणाले, "मग सिस्टरला का सांगितलंस?"

"तहान लागली होती."

त्याईनं नाडी पाह्यली. तापाचा कागद पाह्यला. मंग पोटावर नळी ठेवून लय वेळ ऐकत राह्यले, पोटाच्या चारी कोपऱ्याइत. सिस्टरच्या हातातला कागद घेऊन घडी केला अन् खिशात टाकला. उद्या सकाळपर्यंत थांबू, म्हणाले. जाता जाता वाकून हळूच बोलले, "आतलं मला दिसत नाही रे. तू सांगशील तेवढंच."

त्या दिवशी माय माह्याशी बोलली नाई. बोया मात्र ओला करून लावत राह्यली. मटक्याकडं ते गेली नाई. पाणी प्याले बाहेर नळावर जाये, अन् वापस आली का ओठ पदरानं कोरडे करून मंग उशाशी बसे.

टाक्याची जागा ओढून राह्यली. उरलेलं उद्या.

वारा सरला तो दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराले. झाडूवाली बाई फरशी पुसून राह्यली होती. पोटात पह्यले गुरगुर झाली, लांबून गाडी आल्यासारखी, मंग पिळ, अन् मंग जे झालं ते झालं. मी बोलाच्या आधीच पुनाजी खाटेवर गुडघ्यावर उभा.

"सिस्टर, या हो. आज साक्षीदार हाये."

वार्ड हासला. झाडूवाली हासली. मी बी हासलो अन् टाके धरून रडलो, कारण हासण्यानं जे दुखते ते भलतंच. पाणी भेटलं चमच्यानं. घंट्याले दोन. मी तिसरा मागतला नाई.

टाके निंगाले त्या दिवशी कापलेल्या तुकड्याची तपासणी आली. डॉक्टर म्हणाले, टीबी नाही. क्रोनचा आजार आहे.

माय म्हणे, "कोनाचा?"

"क्रोनचा."

"कोनाचा म्हणजे? याचाच नं?"

डॉक्टर थकून हासले. म्हणाले, हो, याचाच. (बंडूजीच्या मशीनवर र-चा तिरपा फाटा उठत नाई. क्रोन मारलं का कोनच उमटते. पेनानं फाटा ओढून राह्यलो.)

मी विचारलं, हा आजार ताटातून लागते काय. नाही, म्हणाले. मायनं माह्या गिलासातला उरलेला चहा उचलला अन् तिथंच पेऊन टाकला. मंग मी विचारलं, आता संपलं का. तवा ते म्हणाले, परत येऊ शकतो. दोन वर्षांनी, दहानी, सांगता येत नाही. याला मुळापासून काढणारं औषध नाही. म्हणजे दीड वर्षाच्या सुया फुकट, तुकडा गेला, अन् जे होतं ते पोटात दडून बसेलच हाये. घरी येतानी एसटीत बसलो तं सवयीनं झुडपं मोजली. सगळी जागच्या जागी होती.

पण त्याच्या आधीचं राह्यलं. निंगाच्या दिवशीचं.

पुनाजीचा मात्र टीबीच होता, अन् आतडं दोन जागी आवळेल. आधी औषधाचे दिवस भरू दे, मंग कापू, असं ठरून त्याले पुढचा सोमवार देला होता. माह्यं सामान माय बांधत होती अन् तिकडं रामबाईनं मले हळूच दाखवलं का पुनाजीनं बी आपलं गाठोडं उशाखाली बांधून ठेवेल हाये. पळाची तयारी.

मी त्याच्या खाटेवर बसलो. म्हणलं, पूल तं पाह्यला नं तू.

"पाह्यला," तो म्हणे. "म्हणूनच भेव वाटते. कापाचं नाई. त्या मटक्याचं. मी बी खोटंच बोलन चंद्रभान. तू चार दिवस काढले, मी एक नाई काढणार. अन् रामबाई पाणी देऊन टाकीन. तिच्यात ना म्हणाची ताकत नाई."

रामबाई त्याईच्या भाषेत काईतरी बोलली. तो तिच्यावर खेकसला नाई.

"तू येशीन काय?" त्यानं विचारलं. "मी शिव्या देईन. मायवरून देईन. पाया बी पडन. तरी देजो नोको."

मी त्याचं गाठोडं उशाखालून काढलं अन् रामबाईजवळ देलं.

"सोमवारी पह्यल्या गाडीनं येतो," मी म्हणलं. "पह्यले तो मटका दाराबाहेर नेऊन ठेवतो. तू किती बी शिव्या दे, माह्या हातून तुले पाणी भेटणार नाई. अन् वारा सरला का नाई, हे मी तुले विचारणारच नाई. हातभरावर बसतो अन् सोता ऐकतो."