क्लचचा वास

साकोलीच्या बसस्टँडपासून थोडं पुढं, हायवेला लागून, नत्थू मिस्त्रीचं टिनाचं गॅरेज होतं आणि नत्थूचं नाक रायपूरपासून नागपूरपर्यंतच्या ड्रायव्हर लोकांत नावाजलेलं होतं. गाडी येऊन उभी राहिली की हा गडी हात मागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारायचा, दोनदा नाक वर करायचा आणि सांगून मोकळा व्हायचा: ऑइल गळून गरम पाइपावर पडतंय, नाहीतर वायर वितळली, नाहीतर ब्रेक चिकटलाय. वाकायचा नाही, पान्याला हात लावायचा नाही. नुसतं ते बघायला लोक थांबत, आणि लोक थांबलेले नत्थूला फार आवडत.

ते नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं. एका हिवाळ्यात मोठा ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि त्यानंतर नत्थूला ना पेट्रोलचा वास आला, ना फोडणीचा. ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं दोनच, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको आनंदाबाई. गॅरेजच्या कडेला तिची चहाची भट्टी होती. गाडी आली की ती चहाचा ग्लास घेऊन मुद्दाम गाडीजवळून यायची, ग्लास नवऱ्याच्या हातात देताना "रबराचा हाये, म्होरून येते" असं काहीतरी पुटपुटायची आणि आपल्या जागी जाऊन बसायची. मग नत्थू नाक वर करायचा. वाहवा त्याची, ग्लास विसळणं तिचं. उलट चारचौघांत तो तिच्यावर जरा जास्तच खेकसायचा, म्हणजे कोणाला शंका यायला नको. आपलं नाक गेलं हे कळलं तर हायवेवरची एक गाडी दारात थांबणार नाही, ही धास्ती त्याला झोपेतसुद्धा सोडत नसे.

आणीबाणी उठून चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. फाल्गुनातली दुपार, त्यातून बाजाराचा दिवस. आनंदाबाई भाजी आणायला गेलेली आणि नेमकी तेव्हाच भय्याजींची जुनी अँबेसेडर येऊन थांबली.

भय्याजी म्हणजे तुमसरच्या एका राईस मिलचे मालक. दुर्गला सोयऱ्याकडे जाऊन परतत होते. देवरी सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, गाडी जोरात निघाली आणि आत जळका वास भरला. गाडी हाकत होता परसराम. चौदा वर्षं तो त्यांचा ड्रायव्हर होता. गळ्यापर्यंत बटनं लावलेला, हडकुळा, मालकानं विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस.

"मिस्त्री, घे वास," भय्याजी उतरता उतरता म्हणाले. "मी सांगतो, क्लच जळला आहे. चौदा वर्षं झाले, याचा पाय क्लचवरून उठत नाही. आज जर क्लच निघाला ना, तर हा इथून यष्टीनं जाईल. तुमसरात कोनी याले सायकलबी देनार नाही, असा बंदोबस्त करतो."

परसराम खाली बघत उभा राहिला. ट्रकवाले सहा-सात जण खाटांवरून उठून जवळ आले.

नत्थूनं हात मागे बांधले आणि फेरी सुरू केली. नाक वर केलं. हवा आत गेली, हवा बाहेर आली, बस्स. त्यानं बाजाराच्या रस्त्याकडे पाहिलं, बायकोचा पत्ता नव्हता.

"चहा येऊ द्या, भय्याजी. मंग सांगतो."

"चहा नंतर. आधी सांग."

मग नत्थूनं डोळ्यांनी आणि हातांनी जमेल तेवढं चोरून केलं. चाकांवरून सहज फिरवल्यासारखा हात फिरवला. चारही सारखीच गरम, म्हणजे ब्रेक नाही. बॉनेट उचलून पाहिलं. ऑइल कुठे गळत नव्हतं. हॉर्न, दिवे धड होते, म्हणजे वायरही नाही. उरलं काय, तर क्लच, नाहीतर गाडीच्या पोटाखाली काहीतरी. पोटाखाली बघायला वाकावं लागतं, आणि नत्थू मिस्त्री वाकत नाही हीच तर त्याची ख्याती. या खोट्या रुबाबापायी तो मेला.

"क्लच ना?" भय्याजींनी विचारलं.

नत्थूनं परसरामकडे पाहिलं. परसराम त्याच्याकडेच बघत होता, डॉक्टरकडे बघतात तसा. त्याचा या नाकावर पुरता विश्वास होता.

"क्लच," नत्थू म्हणाला.

भय्याजींनी हात पुढे केला. परसरामनं किल्ली दिली, सीटखालचा डबा आणि टॉवेल काढून घेतला आणि पळसाखाली जाऊन बसला. "सांजच्या आत गाडी पाहिजे," असं बजावून भय्याजी गावात ओळखीच्यांकडे जेवायला निघून गेले. तमाशा संपला तसे ट्रकवालेही पांगले.

घटकाभरानं आनंदाबाई भाजीची पिशवी घेऊन आली. गाडीजवळून जाताना थबकली आणि सवयीनं नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "काड जळून राहिला. खालून येते वास."

"चूप."

पण तो गाडीखाली गेला. सायलेन्सरच्या पाइपाला लाखोरीच्या डाळीच्या वाळक्या वेलांचा, म्हणजेच काडाचा, गुंता करकचून बसला होता, निम्मा जळून काळा पडलेला. देवरीच्या बाजूला या दिवसांत लोक लाखोरी डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं फुकटात मळणी करून देतात. तिच्यावरून जोरात आलेली गाडी चार वेल ओढून घेऊन आली होती, एवढाच काय तो आजार. मूठभर काड ओढून काढला की गाडी बरी.

नत्थूनं तो ओढून काढला आणि तसाच पाठीवर पडून राहिला. चाकाच्या फटीतून त्याला पळसाखाली बसलेल्या परसरामचे पाय दिसत होते. "काड होता गड्या, मी चुकलो," एवढंच म्हणायचं होतं. पण क्लच आणि काड यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो, तो नत्थूच्या नाकाला कसा कळला नाही, हे लोक विचारणारच. त्याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. काड शर्टाच्या आत कोंबून तो बाहेर आला आणि बायकोच्या भट्टीत त्यानं तो टाकला.

"त्या मानसाची नोकरी गेली ना," आनंदाबाई हळूच म्हणाली. "सांगा त्याले."

"सांगतलं तर उद्यापासून तुयी भट्टीबी बंद."

"माया नाकावर खाता, अन् मायंच आयकत नाही."

"तोंड बंद ठेव म्हनलं ना!"

तिनं तोंड बंद ठेवलं. काय करणार, तिलाही जगायचंच होतं. भट्टीतला काड भर्रकन पेटला आणि तिनं वर आधण ठेवलं.

नत्थूनं गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट चांगली होती, अजून दोन वर्षं आरामात चालली असती. ती त्यानं पुसून तशीच परत बसवली आणि मागच्या भंगाराच्या ढिगातून कुठल्यातरी मेलेल्या अँबेसेडरची काळीनिळी पडलेली प्लेट हुडकून बाकावर मांडली. हात चांगले होते त्याचे. सगळी दुपार ते हात पापाचं काम सफाईनं करत राहिले.

भय्याजी परतले, तेव्हा खाटांवर पुन्हा माणसं जमली होती. त्यांनी ती काळी प्लेट दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "पाहा. डोळे मिटून मिस्त्रीनं जे सांगितलं तेच निघालं. याले म्हनते नाक." मग पळसाकडे वळून म्हणाले, "परसराम, इकडे ये. पाहून घे आपली करनी."

परसराम आला. त्यानं प्लेट पाहिली आणि मालकापुढे हात जोडले.

"चुकी झाली, मालक. मिस्त्री खोटं कायले बोलन? मायाच पाय राहत असन. मले समजलं नाही."

एखाद्यानं इतकं सरळ कबूल केल्यावर माणूस विरघळतो म्हणतात. भय्याजी विरघळले नाहीत. दुसऱ्याची चूक सिद्ध झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले, नत्थूच्या खांद्यावर थाप मारली आणि "आता कोनाची गाडी बिघडली तर तुझ्याकडेच पाठवतो" असं म्हणून गाडी घेऊन गेले. अर्थात जळका वास येणारच नव्हता.

नत्थूनं साबणानं हात धुतले. वळून पाहतो तर परसराम बाकाजवळ उभा.

"यष्टीले वेळ आहे," तो म्हणाला. "मिस्त्री, वाईट मानू नोका. ते प्लेट एकडाव हुंगून पाहू द्या मले. कधी कोठं गाडी भेटली तर ओळखता आलं पाहिजे ना. क्लच जळला म्हंजे कसा वास येते ते."

नत्थूला नाही म्हणता आलं नाही. परसरामनं प्लेट दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. मग उलटी करून घेतला. वर्षभर पावसात पडलेल्या लोखंडाला कसला आला आहे वास.

"देवरीपासून मले तर काड जळल्यावानी वास येऊन राहिला होता," तो म्हणाला. "मालकासमोर बोललो नाही. म्हनलं, आपल्याले काय समजते? अन् आता याले पाहतो, तर जळका वासच नाही." त्यानं मान वर केली. "असं काहून, मिस्त्री?"

आनंदाबाईचा ग्लास विसळणारा हात थांबला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. अजूनही वेळ गेलेली नव्हती, आणि ऐकायला तिसरं कोणी जवळ नव्हतं.

"नाक गेलं असन तुयं," नत्थू म्हणाला. "ताप-गिप आला होता का मंधात?"

परसरामनं विचार केला. "आला होता. दिवाळीत, चार दिवस." त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. "बरं झालं तुमी सांगतलं. मालकाची लेकरं बसत होती गाडीत. ज्याले वास समजत नाही, त्यानं डायवरी करू नये."

त्यानं प्लेट होती तिथे नीट ठेवली, डबा टॉवेलात गुंडाळला, नत्थूला हात जोडले आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागला.